द्राक्षमळ्यातल्या घरासारखी भिंत हवी? पिंप राहू द्या, चुना आणा

द्राक्षमळ्याच्या मुलखातली सजावट म्हटलं की लोक आधी लाकडी पिंप विकत घेतात, मग बाटल्यांची बुचं चिकटवून फ्रेम करतात आणि वर प्लास्टिकचे घड टांगतात. पिंपाचा तर वेगळाच ताप. फ्रान्समधल्या बोर्दोचं वाइनसाठीचं 225 लिटरचं ओकचं पिंप तळघराच्या दमट हवेत, भरलेलं राहावं म्हणून केलेलं असतं. कोरड्या दिवाणखान्यात त्याच्या फळ्या आकसतात आणि लोखंडी पट्ट्या ढिल्या होऊन खाली घसरतात.

इटलीतल्या तस्कनी किंवा फ्रान्समधल्या प्रोव्हान्सच्या जुन्या घरांना रूप येतं ते भिंतीमुळे. चुन्याचा पातळ रंग, त्यात तिथलीच माती: तस्कनीत सिएनाची, प्रोव्हान्समध्ये रुसियोंच्या टेकड्यांमधली पिवळी-तांबडी. चुना मळ्यालाही लागतोच. 1885 मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी जगापुढे आणलेलं बोर्डो मिश्रण, म्हणजे वेलींच्या बुरशीवरची फवारणी, मोरचूद आणि चुन्याचीच असते. तेव्हा एकच भिंत निवडा आणि ती नीट करा.

भिंत तपासा

भिंतीवर पाणी शिंपडा. शोषलं गेलं तर पुढे चला. थेंब ओघळले तर खाली प्लास्टिक पेंट आहे. तो खरवडून गिलाव्यापर्यंत जा. ‘साधा प्रायमर मारा, चालून जातं’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. त्या प्रायमरने भिंतीची छिद्रं बुजतात, चुन्याला धरायला काही उरत नाही आणि पुढे पोपडे निघतात. जिप्सम बोर्ड असेल तर मात्र चुन्यासाठीचा खनिज प्रायमर लागतोच.

चुना कालवा

भिजवून मुरवलेला तयार चुना घ्या. कळीचा चुना घरी विझवण्याच्या भानगडीत पडू नका, तो उकळतो आणि अंगावर उडतो. पाणी घालून दुधाइतका पातळ करा आणि कापडातून गाळा. पिवडी (पिवळी माती) किंवा गेरू रात्रभर पाण्यात भिजवून मग मिसळा. मातीचे आणि लोहाचे रंग चुन्यात टिकतात, बाकीचे बरेचसे उडतात. रंगाची पूड चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. हातमोजे आणि चष्मा हवाच. डोळ्यात चुना गेला तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि लगेच डॉक्टर गाठा.

हात मारा

खरी कसोटी इथे आहे. मलाही हे सहजी जमलं नव्हतं, कारण इतर रंगांची सवय इथे आड येते. इतर रंग वाळून घट्ट होतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, आणि त्यासाठी त्याला ओल लागते. ओल लवकर उडाली की भिंतीवर नुसती पूड राहते. म्हणून प्रत्येक हाताआधी भिंत फवाऱ्याने भिजवा. ओलसर दिसली पाहिजे, पण पाणी ओघळता कामा नये. पंखा बंद ठेवा, ऊन येत असेल तर पडदा ओढा.

आता पहिला हात मारा. भिंत जवळजवळ होती तशीच दिसेल. ओला चुना पारदर्शक असतो. वाळतानाच तो पांढुरका होत झाकत जातो. नेमके इथे लोक घाबरतात आणि मिश्रणात आणखी चुना ओततात किंवा त्याच जागी पुन्हा पुन्हा ब्रश फिरवतात. दोन्ही करू नका. जाड थराला बारीक भेगा पडतात आणि तो सुटून येतो. पातळच मारा, एक दिवस थांबा, पुन्हा भिजवा, पुन्हा मारा. चार-पाच हात लागतात. दोन हातांत काम उरकून देतो म्हणणाऱ्याला वाटेला लावा.

रोलर अजिबात नको. रुंद, लांब केसांचा ब्रश घ्या आणि तिरके, एकमेकांना छेदणारे फटकारे मारा. ढगाळ छटा त्यातूनच येते. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत न थांबता जा. मध्ये फोन घेतलात तर कड वाळेल आणि तो जोड पुढच्या हातांतूनही डोकावत राहील. नंतर एखाद्या डागापुरता ब्रश लावणंही तसंच, ठिगळ दिसतंच. दुरुस्ती करायची तर अख्ख्या भिंतीला हात द्या.

रंग ओला असताना ठरवू नका. वाळल्यावर तो कितीतरी फिका पडतो. विटकरी वाटलेला गुलाबीसर होतो. आधी गिलाव्याच्या कोपऱ्यावर नमुना मारून दुसऱ्या दिवशी दिवसाउजेडी पाहा.

शेवटी तळहात फिरवून बघा. थोडी पूड लागणं ठीक, पण तळहात पांढरा झाला तर भिंत फार लवकर वाळली आहे. सैल पूड झाडा, भिजवा आणि आणखी एक पातळ हात द्या. वरून चकचकीत सीलर फासू नका. मग चुना लावला कशाला? आणि नळामागे, शेगडीमागे चुना नकोच, तिथे टाइल्सच बऱ्या.

बाकीचं

जमिनीला टेराकोटा, साधं लाकूड, आणि दिवा भिंतीलगत, प्रकाश तिरका पडेल असा.

उरलेला चुना टाकू नका. वर बोटभर पाणी ठेवून डबा घट्ट बंद करा; हवा लागली नाही तर वर्षानुवर्षं टिकतो. डब्यावर रंगाचं प्रमाण लिहा, नाहीतर दुसऱ्या भिंतीला तीच छटा जमणार नाही.