सूत, डाईंग आणि उधारी: टॉवेलच्या कारखान्याची सप्लाय चेन कशी लावायची

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्याही टॉवेलवाल्याला सुताचा आजचा रेट विचारा, पैशासकट सांगेल. मग त्यालाच विचारा की गेल्या महिन्यात सूत संपलं म्हणून किंवा डाईंगहून (रंगवणाऱ्याकडून) माल आला नाही म्हणून तुमचे माग किती तास उभे होते, तर म्हणतो "होतं की ओ, धंद्यात चालायचंच." आपली सगळी ताकद किलोमागे दोन रुपये तोडण्यात जाते आणि पैसा जातो भलतीकडूनच. उभ्या मागात, शेड (रंगछटा) न जुळलेल्या लॉटमध्ये, शेवटच्या दिवशी जादा भाडं देऊन मागवलेल्या गाडीत. गावात गिरण्या होत्या तोवर सूत हाकेच्या अंतरावर होतं, आता बरंचसं तामिळनाडूकडून नाहीतर इचलकरंजीकडून येतं, त्यामुळे सप्लायर सांभाळणं हे मालकाचं अर्धं काम झालंय. ते कसं करायचं ते लिहितो. टॉवेल धरून लिहितोय पण चादर, युनिफॉर्म, फाउंड्री काहीही असलं तरी हिशोब हाच.

सगळ्यात आधी एक वही घ्या (एक्सेल येत असेल तर एक्सेल) आणि तुम्ही जे जे विकत घेता किंवा बाहेरून करून घेता ते लिहून काढा. पाईलचं सूत (टॉवेलच्या वरच्या लूपचं), ग्राउंडचं सूत (खालच्या कापडाचं उभं), बाण्याचं सूत (आडवं), सायझिंग (सुताला खळ देणं), डाईंग, शिलाईचा दोरा, लेबल, पॉलिबॅग, खोके, मागाचे स्पेअर. आता प्रत्येकासमोर लिहा की हे नसलं तर काय थांबतं. काही गोष्टींनी माग थांबतो, काहींनी गाडी थांबते, काहींनी काहीच थांबत नाही. गंमत अशी की गाडी थांबवणाऱ्या वस्तू सगळ्या चिल्लर किमतीच्या असतात. वॉशकेअरचं लेबल आलं नाही म्हणून तयार माल गोदामात पडून आहे आणि पार्टी (माल घेणारं गिऱ्हाईक) फोनवर फोन करतीय हे सोलापुरात कुणी बघितलं नाही? अशा चिल्लर वस्तू दोन-तीन महिन्यांच्या एकदम भरून ठेवा, त्यात किती पैसे अडकणार. डोकं सुताला आणि डाईंगला लावा.

आता रेट. बिलावरचा रेट आणि आपल्याला पडलेला रेट वेगळा असतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण कागदावर कुणी मांडत नाही. समजा एकाने सुताचे किलोला 260 रुपये सांगितले, सोलापूर पोच, 30 दिवस उधारी. दुसरा म्हणतो 254, भाडं तुमचं, पैसे आधी. सहा रुपये स्वस्त म्हणून आपण उडी मारतो. भाडं साडेतीन धरा, झाले 257.50. सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिटचं) व्याज वर्षाला 12 टक्के धरलं तर 30 दिवस पैसे आधी दिल्याचे आणखी अडीच रुपये, झाला बरोबर 260. आणि त्या सुतात तुटणं जास्त असेल, वेस्टेज फक्त एक टक्का वाढलं, की आणखी अडीच रुपये गेले, म्हणजे स्वस्तवाला महाग पडला. तुटण्यामुळे मागाचं प्रॉडक्शन पडतं ते तर यात धरलेलंच नाही. प्रत्येक सप्लायरचा असा पडता रेट महिन्यातून एकदा काढा.

वेस्टेजवरून आठवलं, माल आल्यावर तपासायचा. बहुतेक ठिकाणी हमाल बॅगा उतरवतो, कोणीतरी मोजतो, सही, संपलं. तीन-चार बॅगा कुठूनही उचला, उघडा, कोन (सुताची गुंडाळी) काट्यावर ठेवा, रिकामा कोन वेगळा तोला. लॉट नंबर सगळ्या बॅगांवर एकच आहे का बघा, दोन लॉट मिसळून पाठवलेले असतात आणि ते कळतं डाईंग झाल्यावर, टॉवेलवर पट्टे दिसतात तेव्हा. काउंटची (सुताच्या जाडीचा नंबर, आकडा मोठा तितकं सूत बारीक) शंका असेल तर रॅप रीलवर, म्हणजे सूत मोजून गुंडाळायच्या चरखीवर, 120 यार्डाची ली (लच्छी) काढून तोला, 20 काउंटचं सूत असेल तर ती साधारण 3.24 ग्रॅम भरली पाहिजे, 10 चं असेल किंवा 2/20 (20 चे दोन पदर पिळलेलं) असेल तर 6.48 च्या आसपास. वजन जास्त भरलं तर सूत जाड आहे, म्हणजे त्याच किलोत तुमचे टॉवेल कमी निघणार. आणि ओलावा बघा, कापसाच्या सुतात साडेआठ टक्के ओलावा मान्य धरतात, त्यावर जे काय असेल ते तुम्ही सुताच्या भावाने पाणी घेताय. प्रत्येक लॉटचा एक कोन चिठ्ठी लावून कपाटात ठेवून द्या, माल निघून जाईपर्यंत हात लावायचा नाही. उद्या भांडण झालं तर आवाजापेक्षा तो कोन कामाला येतो.

मग येतो स्टॉक. कोण म्हणतं पैसे अडकवू नका, कोण म्हणतं गोदाम भरून ठेवा, दोघंही अंदाजाने बोलतात. तुमचं रोजचं सूत 300 किलो आहे आणि ऑर्डर दिल्यापासून माल दारात यायला एरवी 6 दिवस लागतात, पण गेल्या वर्षात सगळ्यात उशिरा आलेली गाडी 11 दिवसांनी आली होती असं समजा. तर 6 दिवसांचे 1800 किलो आणि वरच्या 5 दिवसांचे 1500, मिळून 3300 किलो. स्टॉक 3300 वर, म्हणजे 50 किलोच्या 66 बॅगांवर आला की त्याच दिवशी ऑर्डर गेली पाहिजे, रेट उद्या उतरेल म्हणून थांबायचं नाही. भिंतीवर त्या उंचीला लाल पट्टी मारून ठेवा, गोदामातल्या पोराला कॉम्प्युटर लागणार नाही. हा आकडा काउंटप्रमाणे वेगळा काढायचा, पाईलचं सूत भरपूर आणि ग्राउंडचं संपलं तर त्या भरपूरचं काय लोणचं घालणार?

हे 11 दिवस कधी लागतात ते आधीच कळतं हो, कॅलेंडर बघितलं की. संक्रांतीला आपल्याकडे सिद्धेश्वरची गड्ड्याची यात्रा, कामगार येत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत तिकडे तामिळनाडूत पोंगल, मिल आणि ट्रान्सपोर्ट दोन्ही ढिले. म्हणजे दोन्ही टोकं एकदम बंद. तरी दरवर्षी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात धावपळ चालूच. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय रथोत्सव, त्या दिवशी पूर्व भागात, म्हणजे शहरातल्या विणकरांच्या वस्तीत, माग चालवायला माणूस मागू पण नका. आषाढीला पंढरपूरच्या बाजूचे रस्ते वळवलेले असतात. दिवाळी आहेच. वर्षाच्या सुरुवातीला या तारखा लाल करून त्याच्या पंधरा दिवस आधीची ऑर्डर तारीख लिहून टाका, आणि तीच यादी सप्लायरला पण व्हॉट्सॲप करा, त्यालाही बरं पडतं.

एकाच सप्लायरवर राहू नका हे सगळे सांगतात. दोन ठेवा, एकाला साधारण 70 टक्के आणि दुसऱ्याला 30, दुसऱ्याला नुसतं तोंडदेखलं वर्षातून एकदा दहा बॅगा नाही, दर महिन्याला नियमाने, तरच अडचणीत तो उभा राहील. पण एक गोष्ट विचारायची राहून जाते. तुमचे दोन एजंट वेगळे आहेत, पण त्यांच्या मागची मिल एकच आहे का? असं सर्रास असतं. मग ती मिल बंद पडली की दोन्ही एजंट एकच कारण सांगतात आणि आपण बसतो दोघांना शिव्या देत. बॅगेवरचं मिलचं नाव वाचा.

डाईंगबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण सोलापुरात जास्त भांडणं इथेच होतात. आपण म्हणतो मागच्यासारखाच मरून, डाईंगवाला म्हणतो हो मालक, झालं ठरलं. मागच्यासारखा म्हणजे कुठला? मंजूर शेडचा तुकडा अर्धा तुमच्याकडे, अर्धा त्याच्याकडे, दोन्हीवर सही आणि तारीख, आणि दर सहा महिन्यांनी नवा तुकडा कारण रंग कपाटातसुद्धा उतरतो. नवीन सूत आलं की आधी लॅब डिप (थोडं सूत रंगवून काढलेला नमुना), मग लॉट. शेड कुठल्या उजेडात बघायची तेही ठरवा, ट्यूबच्या उजेडात दोन लॉट अगदी जुळे भाऊ दिसतात आणि दारात दुपारच्या उन्हात नेले की एक तांबूस, एक जांभळट. पार्टी खिडकीत नेऊन बघणार आहे, तर तुम्ही आधीच बघा. आणि ऑर्डर देताना त्याच्या मशीनची कपॅसिटी विचारा. 200 किलोच्या मशीनला तुम्ही 260 किलो दिले तर तो 200 आणि 60 असे दोन लॉट करणार, साठवाला लॉट कधी जुळणार नाही, त्यापेक्षा 200 किंवा 400 च द्या. तरी लॉट दोन झालेच तर एका खोक्यात दोन लॉट भरू नका, खोक्यावर लॉट नंबर टाका, दुकानदाराकडे एका रॅकवर एकच शेड दिसली की तक्रार येत नाही.

उन्हाळ्यात आणखी एक. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी, डाईंगवाला बोअर आणि टँकरवर, पाणी बदललं की पाण्याचा जडपणा बदलतो आणि शेड हलते. मार्च ते जून त्याच्यावर आरडाओरडा करण्यापेक्षा गडद शेडचा माल फेब्रुवारीतच रंगवून घेता येतो का बघा. त्याला आधी सांगितलंत तर तो मशीन राखून ठेवतो, ऐनवेळी सांगितलंत तर तुम्ही रांगेत.

आता पैसे. सप्लायर तुम्हाला चांगला माल, पहिला नंबर, टंचाईतली गाडी कशावर देतो? गोड बोलण्यावर नाही. तुम्ही दिलेल्या तारखेला पैसे देता का यावर. 30 दिवस सांगून 50 ला देणाऱ्यापेक्षा 45 सांगून 45 ला देणारा त्याला बरा वाटतो कारण त्याला पण मिलला, बँकेला तोंड द्यायचंय. त्यामुळे उधारी हवी तेवढी मागा, पण एकदा तारीख ठरली की ती पाळा, आणि जमणार नसेल तर चार दिवस आधी फोन करा. तारीख उलटल्यावर फोन न उचलणारा मालक पुढच्या वेळी रोखीतच घेतो, रेट पण त्याला चढाच लागतो.

शिवाय आता कायदा पण आहे. एमएसएमई म्हणजे लहान-मध्यम उद्योगांचा कायदा 2006 चा, त्यात उद्यम नोंदणी असलेल्या मायक्रो आणि स्मॉल सप्लायरला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हे वर्षानुवर्षं कुणी मनावर घेतलं नाही, पण 2023-24 पासून आयकरात ते 43बी(एच) कलम आलं आणि सगळे जागे झाले, कारण मुदत उलटलेली बाकी वर्षअखेरीला राहिली तर तो खर्च त्या वर्षी धरत नाहीत, प्रत्यक्ष पैसे द्याल त्या वर्षी धरतात. तुमचा डाईंगवाला, सायझिंगवाला, शिलाईचं जॉबवर्क करणारा यात येतो, नुसता ट्रेडिंग करणारा सूत व्यापारी यात येत नाही. तेव्हा यादीत प्रत्येकासमोर उद्यम आहे का, उत्पादक की ट्रेडर, ते लिहून सीएला दाखवा. आणि लेखी करार म्हणजे काय मोठं नाही, परचेस ऑर्डरवर पेमेंटची मुदत छापा आणि समोरच्याची सही घ्या.

जीएसटीचं पण याच वहीत टाका. सप्लायरने वेळेवर रिटर्न भरलं नाही तर त्याचं बिल तुमच्या टू-बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरची क्रेडिटची महिन्याची यादी) दिसत नाही आणि तुमचं क्रेडिट अडकतं, म्हणजे त्याच्या आळसाचे पैसे तुम्ही भरता. उलट बाजूने, तुम्ही 180 दिवसांत बिल दिलं नाही तर घेतलेलं क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. दर महिन्याच्या 14 तारखेनंतर टू-बी उघडून कोण गायब आहे ते बघायचं आणि त्याला त्याच दिवशी फोन. दोनदा गायब झाला तर पुढचं पेमेंट फक्त मालाच्या रकमेचं, जीएसटीचा भाग बिल टू-बी मध्ये दिसल्यावर, हे ऑर्डर देतानाच बोलून ठेवा.

रेट वाढवून मागितला की आपल्याकडे लगेच नाटक सुरू होतं. कापसाचा भाव उडतो हे आपल्याला माहीत नाही का, मे 2022 मध्ये कापूस खंडीला (356 किलोला) लाखाच्या वर गेला होता, तेव्हा जुन्याच रेटला सूत दे म्हणून अडून बसणाऱ्यांना माल मिळाला नाही, मिळाला तो हलका मिळाला. त्यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीला ठरवा की सुताचा बाजारभाव अमुक टक्क्यांच्या आत हलला तर रेट तोच, त्यापलीकडे गेला तर अर्धा भार तुमचा अर्धा माझा, आणि उतरला तर तसाच अर्धा फायदा मला. सगळे ऐकत नाहीत. जे ऐकतात ते टिकतात. आणि पार्टीकडे रेट देताना पण हीच अट टाका, नाहीतर खालून वाढ आणि वरून फिक्स, मधे तुमचा चिवडा. बाहेर माल पाठवणाऱ्यांनी तर टाकाच, ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क 50 टक्क्यांवर नेलं तेव्हा ज्यांची एकच पार्टी होती त्यांना तयार माल कुठे ठेवू झालं.

माल खराब आला तर बिलातून परस्पर कापू नका, ही आपल्याकडची सगळ्यात वाईट सवय. तो पुढच्या रेटमध्ये ते वसूल करतो आणि तुम्हाला कळत पण नाही. माल उघडल्यापासून तीन दिवसांत फोटो, लॉट नंबर, वजनाची चिठ्ठी पाठवा, त्याला किंवा त्याच्या माणसाला बोलवा, मागावर चालतंय ते दाखवा, मग डेबिट नोट (कापायची रक्कम लिहिलेला कागद). चूक सायझिंगची असेल आणि तुम्ही सूतवाल्याला धरलं असेल तर तेही तिथेच उघड होतं.

सहा महिन्यांनी वही उघडा. कोणाच्या गाड्या किती वेळा उशिरा, किती वेळा वजन कमी, कोणी फोन उचलला, कोणी टू-बी मध्ये छळलं. ज्याला सोडायचंय त्याला सोडताना आधी त्याचा हिशोब पूर्ण करा, त्याच्याकडे जॉबवर्कला गेलेलं आपलं सूत चलनाप्रमाणे परत आणा (वर्षाच्या आत परत आलं नाही तर जीएसटीत ती विक्री धरतात), बाकी राहिलेली डेबिट नोट मिटवा, आणि नवीन माणसाच्या तीन गाड्या बघितल्याशिवाय जुन्याला तोडून बोलू नका. पूर्व भाग छोटा आहे, सकाळी बोललेलं संध्याकाळपर्यंत सगळ्या डाईंगवर पोचतं.