संस्थेच्या नावे मृत्युपत्र लिहिताय? या चुका टाळा

एका सार्वजनिक न्यासाचं कामकाज मी बघतो. अधूनमधून टेबलावर कुणाच्या तरी मृत्युपत्राची झेरॉक्स येते. घेऊन येणाऱ्या नातेवाइकाच्या चेहऱ्यावर ‘आता तुम्हीच काय ते बघा’ असा भाव असतो. वाचताना दर चार ओळींनी शंका येते आणि ज्यांना विचारायचं तेच गेलेले असतात. देणाऱ्याच्या मनात खोट नसते, घाई मात्र असते आणि हाताशी कुठून तरी उतरवलेला नमुना असतो. त्याच त्या चुका बघून कंटाळा आला, म्हणून हे लिहितोय.

फ्लॅट द्यायचा आणि वर अटी घालायच्या

ही माझी सगळ्यात नावडती चूक. बँकेतून निवृत्त झालेल्या एका बाईंनी आपला फ्लॅट आमच्या नावे लिहिला होता. बाई अविवाहित, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मृत्युपत्र रीतसर रजिस्टर केलेलं. त्यात अट अशी : ‘सदर सदनिका संस्थेने कधीही विकू नये, भाड्याने देऊ नये, तेथे माझ्या आईवडिलांच्या स्मरणार्थ गरजू विद्यार्थ्यांसाठी मोफत अभ्यासिका चालवावी.’ हेतू सोन्यासारखा. पण बाईंनी हयातीत आम्हाला एक फोनसुद्धा केला नव्हता.

आम्ही जाऊन बघितलं. बाहेरची खोली दहा बाय बारा, आत स्वयंपाकघर आणि दारात मेंटेनन्सच्या थकबाकीची नोटीस चिकटवलेली. सोसायटीने पत्र दिलं की निवासी इमारतीत बाहेरच्या मुलांची ये-जा चालणार नाही. किल्ली पुतण्याकडे, तो फोन उचलेना. अभ्यासिका चालवायची तर माणूस ठेवायचा, वीज भरायची, दर महिन्याला मेंटेनन्स भरायचा, आणि यासाठी बाईंनी एक रुपयाही ठेवलेला नव्हता. कोर्टात जाऊन अट सैल करून मागता आली असती, पण तितका वेळ आणि वकिलाची फी कुठून आणायची? शेवटी विश्वस्तांच्या बैठकीत ठराव झाला : देणगी सविनय नाकारावी. हो, संस्था नाही म्हणू शकते.

पुढचं अधिक वाईट. ‘उरलेली मालमत्ता अमक्याला’ हे कलमच मृत्युपत्रात नव्हतं. त्यामुळे फ्लॅट वारसाहक्काने गेला तो थेट त्याच पुतण्याकडे, ज्याच्याशी बाईंनी बोलणं टाकलं होतं.

अट नसती तरी त्रास होताच. न्यासाच्या नावावर स्थावर मालमत्ता एकदा चढली की ती विकायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. नियम चांगला आहे, विश्वस्तांनी जमिनी परस्पर फुंकू नयेत म्हणून केलेला. पण तोवर बंद फ्लॅटचा मेंटेनन्स संस्थाच भरत बसते. म्हणून माझ्याकडे कुणी विचारायला आलं तर मी एकच वाक्य लिहून देतो : ‘माझ्या व्यवस्थापकाने सदर सदनिका विकून, देणी व खर्च वजा जाता उरणारी रक्कम अमुक संस्थेस द्यावी.’ (व्यवस्थापक म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला तुम्ही त्यात नेमलेला माणूस, एक्झिक्युटर.) स्मरणार्थ नाव हवं असेल तर ‘शक्य असल्यास’ हे दोन शब्द पुढे जोडा. ‘कधीही’ आणि ‘फक्त’ हे शब्द दिसले की मी पेन उचलतो.

संस्थेचं नाव अंदाजाने

‘आमच्या शाळेला पाच लाख.’ कुठली शाळा? शाळेला सहसा स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसतं, ते ती चालवणाऱ्या शिक्षण संस्थेला असतं आणि तिच्या वीस शाळा असू शकतात. पैसे संस्थेच्या खात्यात जातात. तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेपर्यंत ते पोहोचतीलच असं नाही. ‘गावातल्या अनाथाश्रमास’, ‘गोरगरिबांस’ हे तर वादाला आमंत्रणच. मजकूर फारच मोघम असेल तर ते कलम अनिश्चिततेमुळे रद्द ठरतं.

आल्फ्रेड नोबेलसारख्या माणसालाही हे भोवलं. त्याने १८९५ साली पॅरिसमध्ये वकिलाला न विचारता मृत्युपत्र लिहिलं आणि संपत्ती अशा निधीला दिली जो अस्तित्वातच नव्हता. १८९६ च्या डिसेंबरात तो गेला, नातेवाइकांनी हरकती घेतल्या, ज्यांच्यावर पारितोषिकविजेत्यांच्या निवडीचं काम सोपवलं होतं त्या संस्थांना आधी विचारलेलंही नव्हतं. पहिली पारितोषिकं निघायला १९०१ उजाडलं. त्याच्यामागे झटणारे व्यवस्थापक होते. तुमच्यामागे कोण आहे?

संस्थेच्या पावतीपुस्तकावर पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक छापलेला असतो. तो जसाच्या तसा उतरवा, पत्ता लिहा, आणि ती संस्था बंद पडली किंवा तिने नकार दिला तर कुणाला, हेही लिहा. आणि त्याआधी संस्थेला फोन करा. लोक लाजतात, ‘आत्ताच कशाला सांगायचं’ म्हणतात. अहो, ज्यांना घर देताय त्यांना विचारायला कसली लाज?

नॉमिनी वेगळा, मृत्युपत्र वेगळं

मृत्युपत्रात ‘माझ्या सर्व ठेवी संस्थेस’, आणि बँकेत नॉमिनी भाचा. बँक पैसे भाच्याला देऊन मोकळी होते आणि तिच्या परीने ते बरोबरच आहे. भाचा मालक नसतो, त्याने ते हक्कदाराकडे सोपवायचे असतात. नॉमिनेशनने मालकी मिळत नाही, हे शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. पण भाच्याने हात वर केले तर दावा संस्थेने लावायचा. माझी सवय : जो व्यवस्थापक, तोच नॉमिनी.

बारीकसारीक, पण रोजचं

स्टॅम्पपेपरसाठी धावू नका, मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, साधा कागद चालतो. नोंदणीही सक्तीची नाही. केलीत तर उत्तम, पण त्याने मृत्युपत्र अभेद्य होत नाही, आणि नंतरचं नोंदणी न केलेलं मृत्युपत्रही आधीच्या नोंदवलेल्याला मागे टाकतं.

खाडाखोड करू नका. ‘दोन लाख’ खोडून वर ‘पाच लाख’ लिहिलं आणि त्या दुरुस्तीवर तुमची व दोन साक्षीदारांची सही नसेल तर ती दुरुस्ती धरली जात नाही. पुरवणी मृत्युपत्र करा, नाहीतर सरळ नवं लिहा.

साक्षीदार दोन हवेतच, तुमच्यापेक्षा वयाने लहान हवेत, आणि संस्थेचा पदाधिकारी त्यात नको. कायद्याने चालेलही, पण वारसांचा वकील त्याच सहीवर बोट ठेवणार.

ठरावीक रकमेऐवजी टक्केवारी लिहा. रक्कम महागाईत विरते, किंवा इस्पितळाची बिलं भागल्यावर तेवढी उरतच नाही.

वडिलोपार्जित मालमत्तेत फक्त आपला हिस्सा देता येतो. मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे मृत्युपत्राने देता येत नाही. शेतजमीन शेतकरी नसलेल्या संस्थेला लिहून देण्याआधी वकील गाठाच. गुजरातमधल्या अशाच एका प्रकरणात शेतजमीन शेतकरी नसलेल्याला देण्यावरची कूळकायद्याची बंदी मृत्युपत्राने टाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे.

व्यवस्थापकाला न विचारता नेमणं

मोठा माणूस बघून नाव टाकतात, त्याला पत्ताच नसतो. आणि हे काम किती जड असतं बघा : पुण्याचे सरदार बाबा महाराज पंडित यांनी १८९७ साली मृत्युपत्रात लोकमान्य टिळकांना विश्वस्त नेमलं. त्यातून ताईमहाराज प्रकरण, म्हणजे बाबा महाराजांच्या विधवेने घेतलेल्या दत्तकाचा वाद, उभं राहिलं आणि मधे मंडालेचा तुरुंगवासही होऊन गेला, तरी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा, निकाल लागला तो १९१५ मध्ये. टिळकांनी ते निभावलं. तुमचा शाळासोबती पहिल्या तारखेलाच राजीनामा देईल. व्यवस्थापक असा हवा ज्याला तलाठी कार्यालयात तीनदा जायचा कंटाळा नाही. आणि खर्चापोटी त्याला काही ठेवा, फुकट काम करून घेण्याची आपली सवय वाईट आहे.

देहदान मृत्युपत्रात

हे तर दरवेळी. मृत्युपत्र लोक उघडतात तेराव्यानंतर. डोळे मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावे लागतात. तेव्हा ‘माझे नेत्रदान करावे’ हे वाचायला मिळतं ते अस्थिविसर्जन उरकल्यावर. देहदानाचा फॉर्म वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात हयातीत भरा, त्यावर घरच्यांच्या सह्या घ्या, आणि नेत्रपेढीचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून द्या. घरच्यांचा विरोध असेल तर आत्ताच भांडून घ्या.