नानीचा हिस्सा कुठे गेला, कसं शोधायचं

मुसलमान बायकांच्या हक्कांचा विषय निघाला की लोक एकतर पैगंबरांच्या पत्नी बीबी खदीजांच्या व्यापारावर जातात नाहीतर थेट तीन तलाकवर, मधली शेकडो वर्षं गायबच. मला विचाराल तर हा इतिहास आपल्या हर्णै-दापोलीच्या घरातल्या ट्रंकेत पडलाय, फक्त बघायचा कसा ते माहीत पाहिजे.

आधी निकाहनामा, म्हणजे लग्नाचा करार काढा. घरात नसेल तर जमातीचं जुनं रजिस्टर बघा. मेहर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम) किती, रोख की उधार, आणि वली, म्हणजे मुलीच्या वतीने निकाह लावणारा पालक, कोण हे लिहून घ्या. सुन्नींमध्ये शाफई, हनफी, मालिकी असे वेगवेगळे कायदेपंथ, कोकणात आपण बहुतेक शाफई, त्यामुळे मुलीचा वली लागतोच, हनफींमध्ये सज्ञान मुलगी स्वतः निकाह करू शकते. मग नानीला विचारा मेहर हातात पडली का. आमची नानी हसली नुसती, म्हणाली "माफ केली बाबा, माणूस मरायला टेकला होता, काय मागायचं."

आता हिशोब, इथे घाई करू नका. समजा नाना गेले, त्यांचे आईवडील आधीच वारलेले, मागे नानी, एक मुलगा, दोन मुली आणि ३२ गुंठे. कुराणाप्रमाणे नानीला आठवा हिस्सा म्हणजे ४ गुंठे, उरलेल्यात मुलाला १४ आणि मुलींना ७-७. मुलीला भावाच्या निम्मं, पण निम्मं तरी ठरलेलं, तेही सातव्या शतकापासून. आता तलाठ्याकडून सातबारा आणि नाना गेल्यावरचा वारस फेरफार काढून हे आकडे शेजारी ठेवा. फक्त मुलाचं नाव दिसलं तर हक्कसोड कधी झालं ते शोधा. आणि एक, मुसलमानांच्या वारशाला रूढीऐवजी शरियत लावणारा १९३७ चा कायदा आला तेव्हा त्यातून शेतजमीन वगळली होती, म्हणजे कोकणात जी खरी इस्टेट, भातखाचर आणि वाडी, तीच बाहेर!

घरात कोणी जहाजावर जाऊन परत आलं नसेल तर मुसलमान बायकांना कोर्टातून फारकत मागू देणारा १९३९ चा कायदा बघा. हनफी मताने बेपत्ता नवऱ्याच्या बायकोला कितीतरी वर्षं अडकून राहावं लागायचं, या कायद्याने मालिकी मत धरून ४ वर्षं पत्ता नसेल तर कोर्टातून फारकत मागता यायला लागली, २ वर्षं खर्च दिला नाही तरी.

पुढचं पटापट, घरातल्या तारखांशेजारी या लिहा: १९६६, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे समाजसुधारक हमीद दलवाई तीन तलाकविरुद्ध मुंबईत सात बायकांचा मोर्चा नेतात (सातच, पण त्या काळात!), १९८५ ला सुप्रीम कोर्ट तलाक दिलेल्या शाहबानोला पोटगी देतं, १९८६ ला त्यावर संसदेचा कायदा, २००१ ला सुप्रीम कोर्ट म्हणतं इद्दतीतच (तलाकनंतर बायकोने थांबायचा काळ) पुढच्या आयुष्याची सोय करून द्या, २०१७ ला एका दमातला तलाक रद्द, २०१९ ला गुन्हा.

शेवटी खालाकडे, म्हणजे मावशीकडे जा, फेरफाराची झेरॉक्स घेऊन. तिचा भाऊ घरात असताना विचारू नका, चहा-नानखटाई होईल आणि "आम्हाला काय कमी आहे" एवढंच ऐकून परत याल.