एडिटर फाइल भलत्याच मोडमध्ये उघडतोय? या चुका टाळा

"सर, फाइल तर उघडायलीय, पण सगळं एकाच रंगात दिसायलंय." लातूर असो की नांदेड, प्रॅक्टिकलच्या तासाला लॅबमध्ये हे वाक्य हमखास कानावर येतं. कुणाचा सीचा प्रोग्राम सी प्लस प्लस म्हणून उघडतो, तर कुणाची पायथनची फाइल साधा मजकूर म्हणून. एडिटर म्हणजे प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर. फाइल कोणत्या भाषेची आहे असं धरून तो शब्दांना रंग देतो, तो त्याचा मोड. एडिटर बिघडला असं समजून लेकरं तो काढून पुन्हा टाकतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. एडिटर सहसा ठणठणीत असतो. त्याला मिळालेली खूण चुकीची असते.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मोड दर वेळी हाताने बदलणं. व्हीएस कोड या एडिटरमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात भाषेचं नाव दिसतं. त्यावर क्लिक करून भाषा बदलली की तेवढ्यापुरतं काम भागतं. फाइल बंद करून पुन्हा उघडली की पहिले पाढे पंचावन्न. म्हणून आधी शोधायचं ते हे, की एडिटरने हा मोड कशावरून निवडला. कारणं मोजकीच असतात: नावाच्या शेवटी असलेलं एक्स्टेन्शन, फाइलची पहिली ओळ किंवा कुणीतरी करून ठेवलेली सेटिंग.

एक्स्टेन्शन नीट बघा

विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन मुळातच लपवून ठेवतं. नोटपॅडमध्ये 'बेरीज डॉट पीवाय' म्हणून सेव्ह केलेली फाइल प्रत्यक्षात 'बेरीज डॉट पीवाय डॉट टीएक्सटी' झालेली असू शकते, आणि फोल्डरमध्ये ती दिसते मात्र बरोबर. एक्स्प्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा. लॅबमधल्या प्रत्येक मशीनवर हे पहिल्याच दिवशी करून ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडच्या लॅबमध्ये जास्त छळणारा प्रकार टर्बो सी प्लस प्लस या जुन्या सॉफ्टवेअरमधून आलेला आहे. तिथे नवीन फाइल उघडली की तिचं नाव 'नोनेम झिरो झिरो डॉट सीपीपी' असं येतं. पोरं नाव बदलतात, पण शेवटचं सीपीपी तसंच ठेवतात. आत शुद्ध सी, वर पाटी सी प्लस प्लसची. पुढे तीच फाइल व्हीएस कोडमध्ये उघडली की मोड सी प्लस प्लसचा लागतो. हा घोळ रंगापुरता राहत नाही. गुणपत्रिकेच्या प्रोग्राममध्ये इयत्तेसाठी 'क्लास' नावाचा व्हेरिएबल घेतला, तर सीमध्ये तो चालतो. सी प्लस प्लसमध्ये तो राखीव शब्द आहे, म्हणून एडिटर त्याला वेगळा रंग देतो आणि कंपायलर (प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणारं सॉफ्टवेअर) एरर फेकतो. मेमरी मागणाऱ्या 'मॅलॉक'चं उत्तर कास्ट न करता, म्हणजे त्याचा प्रकार न बदलता, थेट इंट पॉइंटरमध्ये ठेवलं तरी तेच होतं. अशा वेळी प्रोग्राममधल्या ओळी खोडत बसू नका. फाइलचं नाव बदलून शेवट डॉट सी करा.

याच जातीची आणखी एक खोच आहे. डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीममधून आलेल्या फाइलींची नावं बऱ्याचदा कॅपिटल असतात. अशी फाइल लिनक्सवर नेली आणि शेवट कॅपिटल सीचाच राहिला, तर जीसीसी हा कंपायलर तिला सी प्लस प्लस समजतो. ईमॅक्स हा एडिटरही तिला सी प्लस प्लसच्याच मोडमध्ये उघडतो. तो सी स्मॉल करा, दोन्हीकडे काम होतं.

दुसऱ्याची सेटिंग

सीनियरचं प्रोजेक्ट फोल्डर पेनड्राइव्हवरून उचललं की त्यातलं 'डॉट व्हीएसकोड' नावाचं फोल्डरही सोबत येतं. त्यातल्या सेटिंग्ज फाइलमध्ये फाइल असोसिएशन्स (कोणत्या एक्स्टेन्शनला कोणती भाषा, त्या नोंदी) लिहिलेली असतील, तर ती तुमच्या स्वतःच्या सेटिंगवर मात करतात. व्हीएस कोडमध्ये सी आणि सी प्लस प्लसचं एक्स्टेन्शन (इथे अर्थ जोड-सॉफ्टवेअर, फाइलच्या नावाचा शेवट नव्हे) टाकलेलं असेल, तर ते काही नोंदी तिथे आपणहून घालतं. आपली सेटिंग दहादा तपासूनही फरक पडत नसेल, तर आधी हे फोल्डर उघडून बघा. आणि फाइलच्या नावाचं एखादं एक्स्टेन्शन कायमचं ठराविक भाषेला जोडायचं असेल, तर कोपऱ्यातल्या त्याच भाषेच्या यादीत वर 'कॉन्फिगर फाइल असोसिएशन' आहे, ते वापरा.

ईमॅक्समध्ये फाइलच्या पहिल्या ओळीत -*- या खुणांमध्ये मोडचं नाव लिहिलेलं असेल, तर एक्स्टेन्शनपेक्षा त्या ओळीचं चालतं. जुन्या फाइलचा मथळा जसाच्या तसा नव्या फाइलमध्ये चिकटवला, की मोडही जुनाच लागतो. एक्स्टेन्शन नसलेल्या स्क्रिप्टमध्ये #! ने सुरू होणारी पहिली ओळ कामी येते. तिच्या वर रिकामी ओळ सोडू नका.

विम या एडिटरमध्ये अंदाज बांधत बसायची गरजच नाही. कोलन देऊन 'व्हर्बोज सेट फाइलटाइप' आणि लगेच प्रश्नचिन्ह टाका. कोणता मोड लागला आणि तो कोणत्या फाइलमधून आला, हे तो स्वतः सांगतो. उबंटू या लिनक्सवर रंगच येत नसतील, तर तिथे बहुधा फक्त 'विम टायनी' ही छोटी आवृत्ती आहे. तिच्यात रंगांची सोयच नसते, म्हणून सेटिंग बदलून काही होत नाही. 'सुडो एपीटी इन्स्टॉल विम' करून पूर्ण विम घ्या.

मराठी अक्षरांचा कचरा दिसला तर

हा मोडचा नव्हे, एन्कोडिंगचा, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीचा प्रश्न आहे. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइटचं असतं. फाइल दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये उघडली की एकाच्या जागी दोन-तीन अनोळखी खुणा दिसतात. मजकूर आत शाबूत असतो. तो खराब होतो घाईघाईत सेव्ह दाबल्यावर. गावाच्या यादीची फाइल अशी दिसली, तर कंट्रोल-एसला हात लावू नका. व्हीएस कोडमध्ये खालच्या पट्टीवर एन्कोडिंगच्या नावावर क्लिक करा, 'रिओपन विथ एन्कोडिंग' निवडा आणि यूटीएफ-8 घ्या. शेजारीच 'सेव्ह विथ एन्कोडिंग' असतं. अक्षरं नीट वाचता येईपर्यंत त्याला शिवू नका.