बाग आणि पालिकेच्या इमारतींतलं मोफत वायफाय: नियम कसे तयार करावेत

बागेत, वाचनालयात किंवा पालिकेच्या प्रतीक्षागृहात मोफत वायफाय द्यायचं ठरलं की चर्चा लगेच राउटर, वेग आणि कंत्राटाकडे वळते. नियमांचा कागद सगळ्यात शेवटी, उद्घाटन तोंडावर आल्यावर, पुरवठादाराच्या छापील अटींवरून उतरवला जातो. हा क्रम उलटा हवा. नियम आधी ठरले तरच निविदेत काय मागायचं आणि कशाला नकार द्यायचा, हे कळतं. पुढच्या पायऱ्या अधिकारी आणि लोकप्रतिनिधींसाठी आहेतच, पण असा मसुदा हरकती-सूचनांसाठी आला की तो नेमका कुठे तपासायचा हे नागरिकांनाही त्यातून कळावं.

पायरी १: जागा आणि गरज लिहून काढा

सगळ्या जागांना एकच नियम लावू नका. वाचनालयात माणूस तासन् तास बसून अर्ज भरतो, अभ्यास करतो. प्रतीक्षागृहात त्याचा नंबर लागेपर्यंतच काम असतं. बागेत बहुतेकांना संदेश, नकाशा आणि एखादा कॉल एवढंच हवं असतं. म्हणून प्रत्येक जागेसाठी सेवेची वेळ, एका वेळी किती काळ वापरता येईल आणि प्रत्येकाला किमान किती वेग मिळेल, हे वेगवेगळं लिहा. बाग रात्री बंद होत असेल तर वायफायही त्याच वेळी बंद होईल का, हेही आत्ताच ठरवा. फाटकाबाहेर रात्री गर्दी जमू लागल्यावर घाईत ठरवायची ही गोष्ट नाही.

झाडांच्या पानांतलं पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं, त्यामुळे बागेतली चाचणी झाडं भरगच्च असतानाच घ्या. पानगळीत घेतलेल्या चाचणीवर विसंबून ‘संपूर्ण बागेत सेवा’ असं नियमात लिहू नका. सेवा कुठल्या भागात आहे ते नकाशावर दाखवा आणि तेवढंच कबूल करा.

पायरी २: लोकांची माहिती किती घ्यायची

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर द्या. प्रवेशाचे साधारण चार प्रकार असतात: काहीही न विचारता थेट जोडणी, अटींवर फक्त ‘मान्य’ म्हणणं, मोबाइलवर ओटीपी आणि ओळखपत्र. आपल्या देशाचा कायदा किमान काय मागतो, ते आधी विधी विभागाकडून लेखी घ्या. काही देशांत वापरणाऱ्याची ओळख पटवणं बंधनकारक आहे, काही देशांत नाही. कायदा मागतो त्यापलीकडे एकही रकाना वाढवू नका. जन्मतारीख, ईमेल, पत्ता हे ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून गोळा करणं म्हणजे पुढच्या माहितीचोरीची तयारी आपणच करून ठेवणं.

ओटीपी ठेवावाच लागला तर त्याला पर्याय द्या. परदेशी सिम असलेला पर्यटक, स्वतःचा फोन नसलेला विद्यार्थी, फक्त लॅपटॉप घेऊन आलेली व्यक्ती, हे सगळे ओटीपीमुळे बाहेर राहतात. त्यांना काउंटरवर ठरावीक वेळेचं कूपन मिळण्याची सोय हवी.

नोंदींचा नियम एका वाक्यात सांगता आला पाहिजे: जोडणीची वेळ, उपकरणाचा क्रमांक (मोबाइल नंबर नव्हे, तर वायफायसाठीची त्याची ओळख, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस) आणि त्याला दिलेला नेटवर्क पत्ता (आयपी अ‍ॅड्रेस) एवढंच साठवू, कोण कुठल्या संकेतस्थळावर गेलं हे साठवणार नाही. कायदा याहून जास्त मागत असेल तर तेही लपवाछपवी न करता लिहा. नोंदी किती दिवस ठेवणार तो आकडा नियमातच द्या आणि मुदत संपताच त्या आपोआप पुसल्या जातील असं बंधन घाला. ‘आवश्यक तेवढा काळ’ हे शब्द मसुद्यात दिसले तर हरकत घ्याच.

न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली रस्त्यांवरच्या खांबांमधून ‘लिंकएनवायसी’ ही मोफत वायफाय सेवा सुरू झाली. त्याच वर्षी तिथल्या नागरी हक्क संघटनेने माहिती किती काळ आणि कशासाठी ठेवली जाते, यावर जाहीर आक्षेप घेतला. २०१७ मध्ये गोपनीयतेचं धोरण बदललं आणि लोकांचा ब्राउझिंगचा इतिहास साठवत नाही, असं त्यात स्पष्ट झालं. सेवा सुरू होण्याआधीच हे वाक्य लिहिता आलं असतं.

उपकरणाच्या क्रमांकावरून ‘एका फोनला दिवसातून एक तास’ असा नियम करणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन हा खरा क्रमांक लपवून प्रत्येक नेटवर्कला वेगळा क्रमांक देतात, आणि काही फोन तो मधूनमधून बदलतातही. त्यामुळे अशी मर्यादा थोडी गळकीच राहणार. ती गळती बुजवण्यासाठी ओळखपत्र मागू नका. त्यापेक्षा प्रत्येकाच्या वेगावर मर्यादा घातली की बहुतेक काम भागतं.

पोलीस किंवा दुसऱ्या यंत्रणेने नोंदी मागितल्या तर काय करायचं? फक्त कायदेशीर लेखी आदेशावर द्यायच्या, त्या देणारा अधिकारी पदनामाने ठरलेला हवा, प्रत्येक मागणीची नोंद ठेवायची आणि वर्षाकाठी एकूण संख्या जाहीर करायची. तोंडी विनंतीवर काही दिलं जाणार नाही, हे वाक्य मसुद्यात नसेल तर ते घालायला लावा.

पायरी ३: सुरक्षिततेची किमान अट

पालिकेचं कार्यालयीन नेटवर्क आणि लोकांचं वायफाय पूर्ण वेगळं ठेवा. करवसुलीचा संगणक आणि बाकावर बसलेल्या माणसाचा फोन एका नेटवर्कवर कधीही येता कामा नये. जोडलेली उपकरणं एकमेकांना दिसणार नाहीत, अशी सेटिंगही सक्तीची करा. पासवर्ड नसलेल्या नेटवर्कवरही सांकेतिक संरक्षण देणारी ‘एन्हान्स्ड ओपन’ ही पद्धत २०१८ पासून उपलब्ध आहे. निविदेत ती मागा.

खोट्या नावाचं नेटवर्क उभारून लोकांना फसवणं अवघड नसतं. म्हणून खरं नाव जागोजागी फलकावर लिहा आणि त्याखाली ठळक अक्षरांत सांगा: हे वायफाय तुमचा बँकेचा तपशील, कार्ड क्रमांक किंवा ईमेलचा पासवर्ड कधीही विचारणार नाही.

पायरी ४: वापराच्या अटी

वापरणाऱ्यावरच्या अटी एका पानात बसल्या पाहिजेत. बेकायदा काम, दुसऱ्यांच्या उपकरणांत घुसखोरी, घाऊक जाहिराती पाठवणं आणि आजूबाजूच्यांना त्रास होईल असा आवाज, एवढ्यांना मनाई पुरेशी आहे. ‘आक्षेपार्ह मजकूर’ असा मोघम शब्द टाळा. त्याचा अर्थ शेवटी खोलीत बसलेला कर्मचारी ठरवतो.

संकेतस्थळं अडवायचीच असतील तर कुठले प्रकार अडवले ते जाहीर करा आणि चुकून अडवलेलं पान उघडून घेण्याचा सोपा मार्ग ठेवा. अमेरिकेत ठरावीक सरकारी मदत घेणाऱ्या वाचनालयांना २००० सालच्या कायद्याने असं गाळण बंधनकारक केलं. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला, तेव्हा प्रौढ वाचकाच्या विनंतीवरून अडवलेलं पान खुलं करता येतं, हा मुद्दा महत्त्वाचा ठरला. आरोग्याची माहिती शोधणारी व्यक्तीच अशा गाळणीत बरेचदा अडकते.

कुणी गैरवापर केला तर जबाबदार कोण, हेही लिहा. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१६ मध्ये खुलं वायफाय देणाऱ्या एका दुकानदाराच्या प्रकरणात सांगितलं, की ग्राहकाने केलेल्या कॉपीराइटभंगाची भरपाई दुकानदाराकडून मागता येणार नाही, पण नेटवर्कला पासवर्ड लावण्याचा आदेश त्याला देता येईल. तुमच्याकडचा कायदा वेगळा असू शकतो, म्हणून या कलमावर विधी विभागाचा अभिप्राय हवाच.

पायरी ५: तेच शब्द कंत्राटात उतरवा

नियमात एक आणि कंत्राटात दुसरं असेल तर प्रत्यक्षात कंत्राटच चालतं. माहितीची मालकी पालिकेची, पुरवठादाराला ती विकता किंवा जाहिरातीसाठी वापरता येणार नाही, हे दोन्हीकडे हवं. युरोपीय संघाच्या ‘वायफायफोरईयू’ योजनेत गावांना उपकरणांसाठी १५,००० युरोंचं व्हाउचर मिळायचं, आणि अट अशी की सेवा किमान तीन वर्षं मोफत चालवायची, जाहिरात नाही, माहितीचा व्यापारी वापर नाही. लहान संस्थाही इतक्या स्पष्ट अटी घालू शकतात. सेवा बंद पडली तर किती तासांत दुरुस्ती आणि न झाल्यास किती दंड, हे आकड्यांतच लिहा.

पायरी ६: जाहीर करा आणि आढावा घ्या

मसुदा लोकभाषेत, कागदावर आणि पडदावाचकाला (अंध व्यक्तींसाठी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला) वाचता येईल अशा स्वरूपात ठेवा. हरकतींना पुरेशी मुदत द्या आणि कुठली हरकत का मान्य झाली नाही, तेही छापा. सहा महिन्यांनी किती लोकांनी वापर केला, सेवा किती काळ बंद होती आणि किती तक्रारी आल्या, एवढे तीन आकडे जाहीर करा. त्यासाठी कुणाचंही नाव लागत नाही.

शेवटचं कलम सेवा बंद करण्याचं असू द्या. कंत्राट संपलं की उपकरणं किती दिवसांत उतरवायची, खांब आणि भिंती पूर्ववत कोण करणार, आणि साठवलेल्या नोंदी पुसल्याचं लेखी प्रमाणपत्र मिळेपर्यंत अखेरचं बिल रोखून धरायचं.