नकाशा हिरवा, पण खाली दरी: नव्या ड्रोनवाल्याने उडवण्याआधी काय बघावं

दिवाळी झाली की मला दोन-तीन फोन ठरलेले. "दादा, ड्रोन घेतलाय, कुठे उडवू?" आणि प्रत्येकाला कुणीतरी आधीच शहाणपण शिकवून ठेवलेलं असतं. एकाला दुकानदार म्हणालेला असतो, "अडीचशे ग्रॅमच्या आतला आहे, कुठेही उडवा, कुणी विचारत नाही." दुसऱ्याला चुलतभावाने बजावलेलं असतं की विमानतळापासून पंचेचाळीस किलोमीटर लांब गेल्याशिवाय पेटी उघडायचीच नाही. पहिला सल्ला अंगाशी येतो. दुसरा पाळायचा तर निम्म्या महाराष्ट्रात ड्रोन पेटीतच राहील. तो पंचेचाळीसचा आकडा मार्च २०२१ च्या नियमांतला, आणि ते नियम सहा महिनेही टिकले नाहीत. २५ ऑगस्ट २०२१ ला 'ड्रोन नियम, २०२१' आले. मधल्या दुरुस्त्या धरून तेच आज चालतात.

बॅटरी चार्ज करा, पंखे घट्ट आहेत का बघा, हे मी सांगणार नाही. ते पुस्तिकेत आहे.

१. ड्रोन काट्यावर ठेवा

स्वयंपाकघरातला काटा चालतो. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो. हौशी माणसाचा संबंध या दोघांशीच. नॅनो असेल, किंवा मायक्रो असून पैसे न घेता उडवत असाल, तर रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोने मित्राच्या लग्नाचं शूटिंग करून पाकीट खिशात टाकलंत की ही सवलत संपली. मायक्रोला तृतीय पक्ष विमाही लागतो, नॅनोला नाही. वजन म्हणजे उडताना ड्रोनवर जे जे असेल त्या सगळ्यासकट. खोक्यावर २४९ ग्रॅम लिहिलेल्या ड्रोनला मोठी बॅटरी लावली की तो नॅनो राहत नाही.

नोंदणी ऑनलाइन होते, शुल्क १०० रुपये, ओळख क्रमांक मिळतो. २५० ग्रॅमच्या वरचा घेणार असाल तर त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे सरकारमान्य असल्याचं प्रमाणपत्र, आहे का, हे पैसे मोजण्याआधी विचारा. दुबईहून येणाऱ्या मेहुण्याला "एक घेऊन ये" असं सांगू नका. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. मेहुणा घरी येईल, ड्रोन कस्टम्सकडे राहील.

वजनाची सवलत कागदांपुरती आहे. आकाश सगळ्यांना एकच. लाल क्षेत्र २४९ ग्रॅमलाही लालच.

२. नकाशाचा रंग बघा

डिजिटल स्काय हा सरकारी नकाशा. लाल म्हणजे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय नाही. पिवळा म्हणजे तिथली हवाई वाहतूक जो सांभाळतो त्याच्या परवानगीने: पुण्यात लोहगावला हवाई दल, नाशिकजवळ ओझरला विमानं बनवणारी सरकारी कंपनी एचएएल, गोव्यात दाबोळीला नौदल, बाकी बऱ्याच ठिकाणी विमानतळ प्राधिकरण. हिरवा म्हणजे जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत परवानगी नको. विमानतळाभोवतीच्या ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र हा हिरवा २०० फुटांवर, ६० मीटरवर संपतो. त्याच्या वर पिवळा.

माझं मत स्पष्ट आहे: हौसेसाठी उडवायचंय तर पिवळ्यातल्या परवानगीच्या मागे लागू नका. गाडी आणखी दहा किलोमीटर पुढे घ्या. आणि मुंबई शहरात पेटी उघडूच नका. सांताक्रूझचा विमानतळ, जुहूचा हवाई तळ, कुलाब्याचं नौदल, ट्रॉम्बेचं भाभा अणुसंशोधन केंद्र, आणि वर पोलिसांचे आदेश. तिथे हौशी माणसाचं काम नाही.

अंतर विमानतळाच्या कुंपणापासून मोजतात. लोक मोबाइलवर टर्मिनलपासून मोजतात आणि किलोमीटर-दोन किलोमीटरने फसतात. मोजण्यापेक्षा नकाशावर आपला बिंदू टाका आणि दर वेळी नव्याने टाका. गोव्यातल्या मोपाहून जानेवारी २०२३ पासून, अमरावतीच्या बेलोऱ्याहून एप्रिल २०२५ पासून आणि नवी मुंबईहून डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमानं उडायला लागली. पनवेलच्या बाजूला कधीकाळी काढलेला स्क्रीनशॉट मोबाइलमधून आजच पुसून टाका.

आणखी एक. ड्रोनच्या ॲपने उडू दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. कंपनीचा नकाशा कंपनीचा, सरकारचा सरकारचा.

३. उंची मोजा, आणि ती पायाखालून नव्हे

इथे सावकाश वाचा. माझी चूक इथेच झाली, आणि मी सोबत घेऊन गेलेल्या जवळजवळ प्रत्येक नव्या माणसाची इथेच होते.

मी ड्रोन घेतला त्या पावसाळ्यानंतर घाटमाथ्यावरच्या एका पठाराच्या कडेला गेलो. नकाशा हिरवागार. ॲपमध्ये कमाल उंची १२० मीटरला बांधून ठेवलेली. मी स्वतःला फार शिस्तीचा समजत होतो. ड्रोन वर घेतला, कड्याच्या पुढे दरीवर नेला, पडद्यावर उंची दिसतेय ९० मीटर. तीस मीटर हातचे राखलेत म्हणून मी खूश. तेवढ्यात खालून आवाज आला. वरून नाही, खालून. दरीतून एक हेलिकॉप्टर कोकणाकडे चाललं होतं, माझ्या ड्रोनच्या खालून. माझे अंगठे रिमोटवर गोठले. ते निघून गेल्यावर ड्रोन परत आणला, उतरवला आणि बराच वेळ दगडावर बसून राहिलो.

घरी येऊन जमिनीची उंची बघितली. मी उभा होतो ते पठार दरीच्या तळापेक्षा साडेचारशे मीटर उंच. म्हणजे पडद्यावर ९० दिसत होते तेव्हा ड्रोन खालच्या जमिनीपासून ५४० मीटरवर होता. हिरव्याची मर्यादा १२०. ती ओलांडून मी चारशे मीटर वर पिवळ्यात होतो, तेही विनापरवाना, आणि ॲपने एकदाही हूं की चूं केलं नव्हतं.

कारण साधं आहे. ड्रोन ज्या जागेवरून उठतो ती त्याच्या दृष्टीने शून्य. तिथून पुढे हवेच्या दाबावरून तो वर-खाली मोजतो. खालची जमीन कुठे गेली हे त्या आकड्याला माहीत नसतं. सपाट शेतात दोन्ही आकडे सारखेच येतात, म्हणून सोलापूर-लातूरकडच्या माणसाला हा प्रश्न कधी पडत नाही. सह्याद्रीत मात्र प्रत्येक चांगली फ्रेम कड्याच्या पलीकडे असते. कड्यावरून दरीत ड्रोन झेपावतानाचे जे व्हिडिओ बघून तुम्ही ड्रोन घेतलात, त्यांतले कित्येक या मर्यादेबाहेरचे असतात. "सगळेच करतात" हे मला सांगू नका. ते हेलिकॉप्टर मी पाहिलंय.

हिशेब असा करायचा. गूगल अर्थवर आपण उभे राहणार त्या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची बघा. मग ड्रोन जिथवर नेणार त्या वाटेवरच्या सगळ्यात खोल जागेची बघा. दोन्हींतला फरक १२० मधून वजा करा. उरेल तो आकडा ॲपमध्ये कमाल उंची म्हणून टाका. तुम्ही ९०० मीटरवर आहात आणि वाटेतली खोल जागा ८५० वर आहे, तर फरक ५०, मर्यादा ७०. मी त्यातूनही दहा काढून ६० ठेवतो, कारण तासाभरात वारा-ऊन बदललं की दाबावर चालणारं माप थोडं सरकतं. फरक १२० किंवा जास्त निघाला तर कड्याच्या रेषेपलीकडे जायचंच नाही. कडा आतून, पठाराच्या बाजूने टिपा. नाहीतर खाली गावात जा आणि तिथून कड्याकडे बघत उडवा.

कुणी हुशार म्हणेल, मग दरीत खाली उतरवतो, आकडा उणे दिसेल, नियमात बसेल. बसेल कदाचित. पण कड्याच्या आड गेला की सिग्नल तुटतो, ड्रोन नजरेआड होतो, आणि मग तो स्वतःच्या बुद्धीने परत यायला निघतो. तेव्हा मध्ये काय आहे हे तुमच्या नशिबावर.

उलटा प्रकारही असतो. पायथ्यापासून उठवून डोंगराच्या अंगाने वर नेलात तर जमिनीपासून चाळीस मीटरवर असूनही पडदा दीडशे दाखवेल, किंवा बांधलेल्या मर्यादेमुळे ड्रोन मध्येच अडेल. मर्यादा वाढवू नका; पाय वापरा, वर चढा, तिथून उठवा. घरी परतण्याची उंचीही, म्हणजे सिग्नल तुटल्यावर ड्रोन ज्या उंचीवरून आपोआप परत येतो ती, अशीच शून्यावरून मोजली जाते, तेव्हा मधला सुळका किंवा विजेचा टॉवर त्याहून उंच नाही ना, हे उडवण्याआधी डोळ्यांनी बघा.

विमानतळाजवळच्या साठ मीटरच्या पट्ट्यात हाच हिशेब १२० ऐवजी ६० धरून. तिथे टेकडीवर उभं राहून उडवणं मी सोडूनच दिलंय. हातात काही उरत नाही.

४. जमीन कुणाची ते विचारा

नकाशा आकाशाचा आहे. तुम्ही उभे आहात ती जमीन दुसऱ्या कुणाची असू शकते, आणि तिचे वेगळे नियम असतात. कोकणकड्याचं उदाहरण लोक हमखास देतात. हा कडा ज्या हरिश्चंद्रगडावर आहे तो अभयारण्यात येतो. तिथे रंग कोणताही असो, वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन काढायचा नाही. भीमाशंकर, कोयना, ताडोबा, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, सगळीकडे तेच. रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित किल्ले, तिथेही लेखी परवानगी लागते. बाकी कित्येक गड राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहेत. "पहाटे पहारेकरी नसतो" हा सल्ला देणाऱ्याला मित्रयादीतून काढा. पहारेकरी सहाला नसला तरी तुमचा व्हिडिओ दहाला इन्स्टाग्रामवर असतो, तारखेसकट.

खासगी शेत असेल तर मालकाला विचारा, आणि गावात आधी सांगा. पोलीस पाटलांना किंवा सरपंचांना एक फोन पुरे. २०२४ च्या पावसाळ्यात शिरूर, जुन्नर, आंबेगाव या बाजूला रात्री घिरट्या घालणाऱ्या ड्रोनमुळे लोक काठ्या घेऊन जागत होते. चोर टेहळणी करतात अशी धास्ती होती. त्या भागात न सांगता ड्रोन उडवणं म्हणजे नियम पाळूनही मार खाण्याची सोय. अंधारात तर काढूच नका.

५. त्या दिवसाचे आदेश बघा

हे आदल्या रात्री नाही, निघताना सकाळी. पोलीस अधीक्षक किंवा त्या दर्जाचा अधिकारी एखादा भाग एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल करू शकतो. मंत्र्यांचा दौरा, सभा, वारी, निवडणूक, काहीही कारण पुरतं. हे डिजिटल स्कायवर दिसतं, आणि उडवण्याआधी ते बघणं ही तुमची कायदेशीर जबाबदारी आहे. "मला माहीत नव्हतं" चालत नाही.

याशिवाय शहरांतले पोलीस आयुक्त जमावबंदीच्या कलमाखाली ड्रोनबंदीचे वेगळे आदेश काढतात. पूर्वीचं १४४, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १६३. मुंबईत हे आदेश एकामागून एक निघत असतात. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव होता तेव्हाही निघाले. ते नकाशावर रंगाने दिसतीलच असं नाही. पोलिसांचं अधिकृत समाजमाध्यमांवरचं पान आणि स्थानिक वर्तमानपत्र बघा, आणि शंका आली तर ठाण्यात फोन करा. मी दर वेळी करतो. दहातल्या सात वेळा पलीकडचा माणूस "थांबा, विचारून सांगतो" म्हणतो, पण फोनची वेळ आणि ज्यांनी उचलला त्यांचं नाव वहीत राहतं.

६. उडवा

नजरेच्या टप्प्यात ठेवा. विमान किंवा हेलिकॉप्टरचा आवाज आला की बघत बसू नका, खाली घ्या. कुणाला गंभीर इजा होण्यासारखा अपघात झाला तर ४८ तासांत ऑनलाइन कळवावं लागतं. नियम मोडल्याचा दंड एक लाखापर्यंत जाऊ शकतो.

नोंदणीचा कागद, त्या सकाळचा नकाशाचा स्क्रीनशॉट आणि जमीनमालकाचा संदेश मोबाइलमध्ये एकाच फोल्डरात ठेवा. डोंगरात नेट नसतं. ड्रोन हवेत असताना पोलीस किंवा वनरक्षक आले तर त्यांच्याकडे वळून बोलायला लागू नका. नजर ड्रोनवर ठेवून म्हणा, "साहेब, दोन मिनिटं, आधी खाली उतरवतो." उतरवा, बॅटरी काढा, मग मोबाइल दाखवा.