समुद्र लांब असला तरी वादळ घरापर्यंत येतं: माणगाव, तळा, रोहा बाजूच्या लोकांनी काय तयारी करावी

आमच्याकडे अजून लोक म्हणतात की वादळ आलं तर श्रीवर्धन, मुरुडवाल्यांचं, आपल्याला काय, आपण आत आहोत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ दुपारी दिवेआगर-श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्याला लागलं, वाऱ्याचा वेग ताशी ११०-१२० किमी, आणि माणगाव, तळा, म्हसळा, रोहा सगळीकडे छपरं गेली. जमिनीवर आल्यावर वादळाला समुद्राची वाफ मिळत नाही म्हणून ते कमजोर होतं हे खरं, पण लगेच होत नाही, आणि आपली कोकणपट्टी रुंदीला आहेच केवढी? निसर्ग तर घाट चढून पुणे-नाशिकपर्यंत गेलं. त्यामुळे रेड अलर्ट रायगडला असेल तर तो तुम्हालाही आहे असंच समजा.

सगळ्यात आधी छप्पर, आणि ते एप्रिल-मे मध्येच बघायचं, वादळाची बातमी आल्यावर पत्रेवाला मिळत नाही. वारं पडवीतून आत घुसतं आणि खालून छप्पर उचलतं, म्हणून पहिली जातात ती पागोळीकडची आणि आढ्याजवळची कौलं. पत्रे असतील तर प्रत्येक हुक हाताने हलवून बघा, गंजलेला असेल किंवा वायसर गेला असेल तर बदला, पत्र्याच्या कडेला हुक थोडे जास्तच मारा. पत्र्यावर सुटे दगड ठेवायची सवय आहे ना आपल्याकडे, ती सोडा प्लीज, तेच दगड उडून माणसाला लागतात. त्याऐवजी गोणीत रेती भरायची, दोन गोण्या एका दोरीला बांधायच्या आणि आढ्याच्या एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला एक अशा सोडायच्या, म्हणजे घसरत नाहीत. घरावर आलेल्या आंब्या-फणसाच्या फांद्या आणि माडाच्या सुक्या झावळ्या पण तेव्हाच उतरवून घ्या.

दुसरी गोष्ट लाईट. वादळ काही तासांत जातं पण लाईट कित्येक दिवस येत नाही, निसर्गनंतर काही गावांना महिन्याच्या वर अंधारात काढावा लागला. लाईट नाही म्हणजे पंप नाही, नेटवर्क नाही, एटीएम नाही आणि चक्की पण नाही, आणि हे चक्कीचं कोणाच्या डोक्यात येत नाही, घरात तांदूळ गहू भरपूर असतात पण भाकरीला पीठ नसतं. म्हणून पीठ आधीच दळून आणा, टाकी पिंप हंडे भरून ठेवा, विहिरीवर पोहरा आणि दोर तयार ठेवा (पंप आल्यापासून बऱ्याच घरांत दोरच राहिलेला नाही), थोडी रोख जवळ असू द्या. नेहमीच्या गोळ्या असणाऱ्या म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या महिनाभराच्या आणून ठेवा. लाकडं खोपटात असतील तर ताडपत्रीखाली बांधा, गॅस संपला तर चूलच कामाला येणार.

वादळाच्या दिवशी कौलारू किंवा पत्र्याच्या घरात थांबू नका, शाळा किंवा शेजाऱ्याचं स्लॅबचं घर बघा, आणि गुरांची दावी सोडून ठेवा, गोठा पडला तर बांधलेलं जनावर निघूच शकत नाही. एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा: वादळाचं केंद्र आपल्या वरून गेलं तर वारं मध्येच एकदम पडतं, लोकांना वाटतं संपलं आणि कौलं बघायला बाहेर येतात, आणि थोड्या वेळात वारं उलट्या दिशेने तेवढ्याच जोरात सुटतं. १०७७ हा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर, कागदावर लिहून भिंतीला लावा.

नंतर पडलेल्या वायरला हात लावायचा नाही, गावात लाईट गेलेली असली तरी नाही. आणि साफसफाईची घाई करू नका! आधी फोटो काढा, पडलेलं प्रत्येक झाड, उडालेलं छप्पर, भिजलेलं धान्य, तारखेसकट, कारण तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहाय्यक पंचनाम्याला येतील तेव्हा झाडं तोडून झालेली असतील तर दाखवणार काय? कोकणात खरा घोळ सातबाऱ्यावर होतो, नावं सामाईक, अर्धे भाऊबंद मुंबईला, आणि भरपाईचे पैसे अडकतात बाकीच्या हिस्सेदारांच्या संमतीपत्रावर. मे महिन्यात सगळे गावी येतात तेव्हाच सह्या, आधार, पासबुकच्या कॉप्या घेऊन ठेवा, ई-पीक पाहणीत (सातबाऱ्यावरची पिकांची मोबाईलवरून होणारी नोंद) आंबा, काजू, सुपारीची झाडं लागलीत का तेही बघा, आणि घर अजून आजोबांच्या नावावर असेल तर ग्रामपंचायतीतला नमुना ८ (घराच्या मालकीची-घरपट्टीची नोंद) आत्ताच नीट करून घ्या.

पडलेलं प्रत्येक झाड गेलं असं नाही. कलम आडवं झालंय पण थोडी मुळं मातीत असतील तर फांद्या छाटून हलक्या हाताने उभं करा, टेकू द्या, माती दाबा, आणि कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी, मोरचूद प्लास्टिकच्या बादलीतच भिजवा. सुपारी मधून मोडली तर मात्र ती गेली, तिथे पावसातच नवं रोप लावा.